रीस्टार्टची किंमत

पुण्याच्या पेठांमध्ये आजही कितीतरी टेबलांवर आठ-दहा वर्षांचे संगणक इमानेइतबारे काम करताहेत. नारायण पेठेतल्या जिन्याखालच्या खोल्या, अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बोळांतली डीटीपीची दुकानं, सदाशिव पेठेत वाडे पाडून झालेल्या इमारतींमधले छोटे फ्लॅट. तिथे पुस्तकं जुळवली जातात, पत्रिका होतात, दिवाळी अंकांची पानं लागतात. मीही त्याच धंद्यातली. अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करते, आणि माझा लॅपटॉप माझ्या कामाला पुरून उरतो. पण 14 ऑक्टोबर 2025 रोजी, लक्ष्मीपूजनाला बरोबर आठवडा उरला असताना, विंडोज 10 ला मिळणारी नेहमीची सुरक्षा अपडेट थांबली. विंडोज 11 घ्यायला जावं तर त्याला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर ठरलेल्या यादीतला लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. माझा सातव्या पिढीतला.

दिवाळी अंकांची कामं उरकली आणि ओळखीतल्या प्रत्येकाच्या तोंडी हाच विषय आला. कोणी हप्त्यावर नवा लॅपटॉप घेतला. कोणी सुरक्षा अपडेटच्या वाढीव मुदतीसाठी नाव नोंदवलं. घरगुती वापरासाठी ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहे. कोणी "चालतंय तोवर चालवू" म्हणून विषय सोडून दिला. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "मावशी, लिनक्स टाक. विंडोज काढू नकोस, राहू दे तेही. दोन्ही ठेव."

लिनक्स ही विंडोजसारखीच, पण वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम. ऐकायला किती सोपं वाटतं. एकाच संगणकात दोन ऑपरेटिंग सिस्टिम, चालू करताना पडद्यावर यादी येणार, बाणाच्या बटणाने हवी ती निवडायची. काहीच सोडावं लागत नाही, कुठलाच निर्णय घ्यावा लागत नाही. मी यावर बराच विचार केला, लोकांशी बोलले, आणि मला वाटतं की खरी गोम या "दोन्ही ठेव"मध्येच आहे.

दोन सिस्टिम एका संगणकात राहतात, पण एका वेळी एकच जागी असते. दुसरीकडे जायचं तर पहिली पूर्ण बंद करावी लागते. आमच्या कामात याचा अर्थ काय होतो ते सांगते. दुपारची वेळ आहे. समोर एकशे बारावं पान उघडलेलं आहे, त्यातल्या तळटिपेची ओळ पुढच्या पानावर उडी मारते आहे. फोनवर लेखक आहेत, ते एक दुरुस्ती तोंडी सांगताहेत. ब्राउझरमध्ये शब्दकोश उघडा आहे, मेलमध्ये प्रेसकडून आलेली मुखपृष्ठाची पीडीएफ आहे, आणि एका कोपऱ्यात मी स्वतःसाठी टिपलेली यादी: "लेखकाने 'निरनिराळे' दोन प्रकारे लिहिलंय, एकच ठेवणे." एवढ्यात दुसऱ्या प्रकाशकाचा फोन येतो, की ताई, ते जुनं पुस्तक होतं ना आपलं, त्याचं एक पान काढून देता का? ती फाइल दुसऱ्या सिस्टिमवर. मग हे सगळं जतन करा, बंद करा, रीस्टार्ट करा, यादीतून निवडा, पासवर्ड टाका, ते एक पान काढा, आणि पुन्हा उलटा प्रवास. संगणकाला लागतात दोन-तीन मिनिटं. माझं डोकं एकशे बाराव्या पानावर परत यायला अर्धा तास.

सुरुवातीला हा खटाटोप माणूस उत्साहाने करतो. मग एक सिस्टिम सवयीची होते आणि दुसरी उघडलीच जात नाही. महिन्या-दोन महिन्यांनी कधीतरी उघडली की आधी ढीगभर अपडेट समोर येतात, आणि ज्या कामासाठी उघडली ते बाजूला राहतं. माझ्या ओळखीतल्या ज्यांनी हौसेने दोन सिस्टिम ठेवल्या, त्यांतल्या बहुतेकांची एक बाजू अशीच पडून आहे. यात लिनक्सचा दोष नाही आणि विंडोजचाही नाही. अर्धंमुर्धं काम तिकडे आणि अर्धंमुर्धं इकडे असलं की असंच होणार. म्हणून माझं मत असं झालं आहे की एक अख्खं काम, त्याच्या फाइलींसकट आणि सवयींसकट, उचलून दुसऱ्या सिस्टिमवर नेता येत असेल तरच ती घ्यावी. रीस्टार्ट ही तिची किंमत आहे, आणि ती दिवसातून पाच वेळा मोजायची वेळ येत असेल तर सौदा परवडत नाही.

मग मी माझ्याच कामाकडे नीट बघितलं. त्यात दोन अख्खी कामं आहेत का? आहेत, आणि त्यांच्यामधली रेघ फार जुनी आहे.

संगणकावर मराठी आणण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. सी-डॅक इथे 1988 मध्ये सुरू झालं. 1991 मध्ये त्यांनी परम 8000 हा महासंगणक केला ते सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच संस्थेच्या जिस्ट गटाने भारतीय लिपींसाठी केलेलं काम आमच्यासारख्यांच्या रोजच्या भाकरीचं झालं. श्री-लिपी बनवणारी मॉड्युलर इन्फोटेक हीसुद्धा पुण्याचीच. माझ्या पिढीतल्या डीटीपी करणाऱ्यांचे हात या दोघांच्या सॉफ्टवेअरवर तयार झाले.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरी 1991 पासून आहे. तिच्यासाठी 128 जागांचा एक स्वतंत्र गट राखलेला आहे. पण आमच्या टेबलावर ते पोचायला वेळ लागला. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड नीट दिसायला लागली ती विंडोज 2000 पासून, आणि पानं लावायच्या ज्या पेजमेकर या सॉफ्टवेअरवर मराठीतली असंख्य पुस्तकं लागली त्याला ती शेवटपर्यंत उमगली नाही. त्यामुळे त्या काळात फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक तोड काढली. इंग्रजी फॉन्टमध्ये अक्षरांना जेमतेम अडीचशे घरं असतात. त्या घरांमध्ये त्यांनी मराठीचे तुकडे बसवले: अर्धा त, काना, वेलांट्या, रफार, क्ष, ज्ञ. पडद्यावर आणि कागदावर सुरेख मराठी दिसायचं. संगणकाच्या लेखी मात्र तो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कालवा होता. प्रत्येक कंपनीने तुकडे आपापल्या क्रमाने बसवले, म्हणून एकाची फाइल दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उघडली की काही वाचता यायचं नाही. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता. त्या लोकांनी जे केलं त्याबद्दल मला कृतज्ञताच वाटते. ते नसतं तर ती पुस्तकं निघालीच नसती.

पण ती पुस्तकं आज माझ्या हार्ड डिस्कवर कशी पडलेली आहेत, ते बघा. "मूर्ती" हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टमध्ये तो डोळ्याला दिसतो तसा साठवलेला असतो: म, उकार, त, वेलांटी आणि शेवटी वरून टाकलेला रफार. युनिकोडमध्ये तो आपण उच्चारतो तसा असतो: आधी र, मग हलन्त, मग त. "किती"मधली पहिली वेलांटी जुन्या फाइलीत क च्या आधी असते, युनिकोडमध्ये क च्या नंतर. म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये न्यायचा तर प्रत्येक रफार उचलून योग्य अक्षराच्या आधी ठेवावा लागतो, प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर सरकवावी लागते. आणि हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले कन्व्हर्टर वापरले तर "दऱ्या" शब्दाचा "दर्या" होतो, सह्याद्रीच्या वर्णनात अचानक समुद्र येतो. या कामाला मराठी येणारा माणूसच लागतो.

अशी पुस्तकं माझ्याकडे ढिगाने आहेत. काहींचे लेखक आता नाहीत. काहींचे प्रकाशक दर दोन-चार वर्षांनी फोन करतात, पुनर्मुद्रण काढायचंय म्हणतात. त्यांच्यासाठी मला विंडोज लागतं, त्यावर पेजमेकर लागतं, तो जुना फॉन्टसंच लागतो आणि त्याचं यूएसबीला लावायचं लॉक, म्हणजे ज्याच्याशिवाय तो चालत नाही ती किल्ली, लागतं. हे झालं एक अख्खं काम. दुसरं काम म्हणजे आत्ता येणारी सगळी नवी पुस्तकं. लेखक मोबाइलवर लिहून पाठवतात, मजकूर युनिकोडमध्येच येतो. मेल, शब्दकोश, प्रूफं, बिलं, सगळं त्याच बाजूचं. दोन्ही कामं एकाच दिवशी एकमेकांत मिसळावी लागत नाहीत. जुनं पुस्तक टेबलावर आलं की ते दोन-चार दिवस तरी टेबलावर असतं.

आणि इथेच मला निर्णयाचा धागा सापडला. जुन्या पुस्तकांना इंटरनेट लागत नाही. ज्या सिस्टिमला सुरक्षा अपडेट येत नाहीत तिचा धोका मुख्यतः बाहेरून येतो: मेलमधून, ब्राउझरमधून, कोणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून. मग विंडोज 10 ला नेट द्यायचंच नाही. वायफायचा पासवर्डही तिथे ठेवायचा नाही. ती बाजू जुन्या मजकुराची, बिनानेटची. बाहेरच्या जगाशी जे काही बोलायचं ते लिनक्समधून. अशी वाटणी केली की कुठली सिस्टिम उघडायची हा प्रश्न रोज पडत नाही आणि रीस्टार्टही क्वचितच करावं लागतं.

ठरवण्याआधी मी लिनक्स वापरून बघितलं, आणि ज्यांच्या मनात हा प्रश्न आहे त्यांनी एवढं तरी नक्की करावं. पेन ड्राइव्हवर सिस्टिम घेऊन संगणक त्यावरून चालू करता येतो. स्थापित करण्याचं बटण दाबत नाही तोवर आतल्या डिस्कवर काही बसत नाही. भाच्याने लिनक्स मिंटची 22 वी आवृत्ती आणली होती. तिची मुदत 2029 पर्यंत आहे आणि तिचा मेनू विंडोजच्या जवळ जाणारा आहे, हा त्याचा हिशोब. सुरू झाल्यावर मी मेनू, रंग, चित्रं काही बघितलं नाही. आधी कीबोर्ड. माझे हात इनस्क्रिप्टवर बसलेले आहेत. ही मांडणी 1991 च्या भारतीय मानकात आली आणि लिनक्समध्ये ती आतच असते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. के वर क, जे वर र, डी वर हलन्त. शिफ्ट धरून जे दाबलं की नुक्त्याचा ऱ. मी लिहिलं: "दऱ्याखोऱ्यांतून वाहणारं वारं". आडव्या रेघेचा र जसा हवा तसाच उमटला. मला मनापासून आनंद झाला.

मग लिबरऑफिस उघडलं, लिनक्सवरचं लिखाणाचं सॉफ्टवेअर, वर्डसारखं. नोटो सॅन्स देवनागरी फॉन्टमध्ये "लाल शाल" लिहिलं. मजकुराची भाषा हिंदी होती, त्यामुळे ल आणि श हिंदी वळणाचे दिसत होते. तोच मजकूर निवडून भाषा मराठी केली आणि डोळ्यादेखत ल च्या दोन पाकळ्या सारख्या झाल्या, श चं डोकं आपल्या मराठी वळणावर आलं. फॉन्ट तोच. आत दोन्ही भाषांची वळणं असतात आणि भाषा कळली की योग्य ते वळण निवडलं जातं. हे विंडोजवरच्या लिबरऑफिसमध्येही होतं, त्याचं श्रेय एकट्या लिनक्सला द्यायला नको. पण शाळेच्या पुस्तकात मुलांनी कुठला ल बघायचा यावर ज्या माणसांनी आयुष्यभर वाद घातले, त्यांच्यासोबत मी काम केलं आहे. एक चौकट बदलली आणि ते वळण आलं, ही माझ्यासाठी लहान गोष्ट नाही.

त्याच दिवशी आणखी एक शोध लागला. लिबरऑफिसला पेजमेकरच्या फाइली थोड्याफार वाचता येतात. 2015 मध्ये आलेल्या 4.4 आवृत्तीपासून ती सोय आहे. मी एक जुनी फाइल पेन ड्राइव्हवर नेऊन उघडली. पानांची मांडणी विस्कटलेली होती, ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, आणि मजकूर म्हणून डोक्यावर टिंबं असलेली रोमन अक्षरं दिसत होती. भाचा म्हणाला, "गेलं सगळं." मी म्हटलं, "काही गेलेलं नाही, हे असंच असतं." अक्षरांचा क्रम मला ओळखू येत होता. मजकूर बाहेर निघत होता, म्हणजे तो बदलता येण्यासारखा होता. सगळ्याच फाइली अशा उघडतील असं नाही, पण आजवर त्या फाइलींना फक्त एकच दार होतं, तिथे दुसरं दिसायला लागलं.

त्यानंतर विंडोज चालू केलं तर घड्याळ साडेपाच तास मागे. मी घाबरले नाही, पण चक्रावले. कारण कळल्यावर गंमत वाटली. संगणकाच्या आत एक छोटं घड्याळ असतं, बॅटरीवर चालणारं. विंडोज त्यात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स त्यात जागतिक प्रमाण वेळ ठेवतं आणि दाखवताना आपले साडेपाच तास मिळवतं. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने आपल्या पद्धतीने वाचलं की सकाळी नऊला पहाटेचे साडेतीन दिसतात. लिनक्सला टाइमडेटसीटीएल या आज्ञेने स्थानिक वेळ पाळायला सांगितलं की भांडण मिटतं. ज्यांच्याकडे बिलावर आणि फाइलीवर वेळ बरोबर लागते त्यांनी हे पहिल्या दिवशीच करून घ्यावं. माझ्या बिनानेटच्या विंडोजला तर हे जास्तच लागू, कारण ते बाहेर विचारून आपली वेळ दुरुस्त करणार नाही.

राहिला प्रश्न, दोन्ही सिस्टिम ठेवायच्या कुठे. एकाच डिस्कचे भाग पाडून दोन्ही बसवता येतात, बहुतेक लोक तेच करतात. तसं करायचं तर आधी सगळ्याचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या. विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी सोय, चालू असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बूट होण्याच्या व्यवस्थेत बदल झाला की विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर स्वतःच्याच फाइली स्वतःला उघडत नाहीत. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की बंद केलेलं विंडोज खरं तर पूर्ण बंद झालेलं नसतं, ते अर्ध्या झोपेत डिस्क धरून बसतं, आणि लिनक्समधून त्या भागात लिहिता येत नाही. डिस्कचा भाग लहान करायचा तर तो विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करा.

हे सगळं जमणारं आहे. तरी माझा कल दोन वेगळ्या डिस्क ठेवण्याकडे झाला, त्याला कारण आहे. ऑगस्ट 2024 मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर जगभरात दोन सिस्टिम ठेवणाऱ्या अनेकांचं लिनक्स सुरूच होईना. चालू होताना फक्त विश्वासातल्या सिस्टिमला आत घेणाऱ्या सिक्युअर बूटच्या नियमात बदल झाला होता, आणि जुन्या लिनक्सला उठवणारा छोटा प्रोग्रॅम, बूटलोडर, त्यात अडकला. ज्यांना माहिती होती त्यांनी वाट काढली. पण ज्या माणसाला परवा प्रेसला पानं द्यायची आहेत त्याच्या दृष्टीने हे संकटच. माझं विंडोज नेटलाच नसणार, त्यामुळे त्याच्याकडून असं अपडेट येण्याचा प्रश्न नाही. तरीही एकाच्या दुखण्यात दुसऱ्याला ओढायचं कशाला?

तपकीर गल्लीत गेले. बुधवार पेठेतली ही गल्ली ज्यांनी बघितली आहे त्यांना सांगायला नको. वायरी, दिवे, स्पीकर, बॅटऱ्या, आणि प्रत्येक दुकानात एखादा तरी माणूस असा, जो वस्तू हातात घेतल्याबरोबर तिचं दुखणं सांगतो. तिथल्या एका दुकानदाराला लॅपटॉप दाखवला.

"ताई, डीव्हीडी लावता का अजून याच्यात?"

"नाही हो दादा, कित्येक वर्षांत नाही."

"मग ती काढू. तिच्या जागी कॅडी बसते. तुमची आत्ताची हार्ड डिस्क कॅडीत टाकू, आणि आतल्या जागी नवी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क. विंडोज कॅडीतनं चालू होतंय का ते बघूनच देतो, नाही झालं तर पैसे नका देऊ."

झालं व्यवस्थित. कॅडी ही एक पातळ चौकट असते, डीव्हीडी ड्राइव्हच्याच आकाराची, आणि त्यात अडीच इंची डिस्क सरकवून बसवतात. आता जुनी डिस्क जशीच्या तशी आहे, तिच्यातला एक भागही हलवलेला नाही. लिनक्स नव्या एसएसडीवर बसवताना जुनी डिस्क काढूनच ठेवली होती, म्हणजे चुकून तिच्यावर काही लिहिलं जाण्याची धास्ती नको. चालू करताना एक बटण दाबून कुठल्या डिस्कवरून उठायचं ते निवडता येतं. एसएसडीमुळे लॅपटॉप इतका चपळ झाला आहे की नवा घेण्याचा विचार आता मनातून गेला. जुने लॅपटॉप भंगारात निघण्याआधी त्यांच्या मालकांनी एवढा एक प्रयत्न करून बघावा, असं मला फार वाटतं.

दोन सिस्टिम सगळ्यांनी ठेवाव्यात असं मात्र मी म्हणणार नाही. शनिवार पेठेत आमचे एक काका आहेत, प्रेसवाले. त्यांच्याकडे प्लेट काढणारं यंत्र एका जुन्या विंडोजवर चालतं. ते म्हणाले, "बाई, चालतंय ना? मग हात लावायचा नाही." मला ते पूर्ण पटलं. त्या संगणकाला नेट जोडू नका, एवढंच मी सुचवलं. जिचा सगळा हिशोब टॅलीत आहे, जी रोज डिजिटल सहीचं टोकन लावून विवरणपत्रं भरते, त्या माझ्या मैत्रिणीलाही मी विंडोज सोडायला सांगणार नाही. पत्रिका करणारे कोरलड्रॉवर जगतात आणि नियतकालिकांची पानं इनडिझाइनवर लागतात. दोन्ही लिनक्सवर येत नाहीत. त्यांचं दिवसभराचं काम तिथेच असेल तर दुसरी सिस्टिम हौसेपुरती राहील आणि वर सांगितल्याप्रमाणे पडून राहील. भाच्याच्या वर्गातल्या ज्या मुलांना फक्त कॉलेजच्या प्रॅक्टिकलपुरतं लिनक्स हवं आहे, त्यांना विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल मिळतं. 2016 पासून ती सोय आहे आणि तिला रीस्टार्ट लागत नाही. उलट लिनक्सच्या आत व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकातल्या संगणकासारख्या एका सॉफ्टवेअरमध्ये, विंडोज चालवावं, असंही भाच्याने सुचवलं होतं. आठ जीबी रॅममध्ये दोघांची कुचंबणा झाली असती, आणि फॉन्टच्या लॉकची जोखीम मला त्यात घ्यायची नव्हती.

"पण लिनक्स म्हणजे तज्ज्ञांचं ना?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो. 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स हा हेलसिंकीतला विद्यार्थी ते लिहायला बसला तेव्हा ते तसंच होतं. आता जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतले सगळे, नोव्हेंबर 2017 पासून, लिनक्सवर चालतात. पाषाणला आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत 2018 मध्ये प्रत्यूष आणि 2024 मध्ये अर्क हे महासंगणक आले. हवामानाचं गणित ज्यावर होत आलं ती प्रत्यूषची यंत्रणाही लिनक्सचीच. आणि आपल्या हातातला अँड्रॉइड फोनसुद्धा आतून लिनक्सच. पुण्यात तर लिनक्स वापरणाऱ्यांचा जुना गट आहे, पुणे ग्नू/लिनक्स युजर्स ग्रुप, आणि मॉडेल कॉलनीतल्या सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत जीएनयूनिफायसारखे मेळावे भरत आले आहेत. अडलं तर विचारायला माणसं याच गावात आहेत. मराठीत विचारलं तरी उत्तर मिळतं.

शिकावं लागतं, हे खरं. प्रिंटर बसवायला मला विंडोजपेक्षा कमी त्रास झाला, पण स्क्रायबस या लिनक्सवरच्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर पान लावायला जास्त. 2024 मध्ये आलेल्या स्क्रायबसच्या 1.6 आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरं नीट जुळतात, त्याआधीच्या स्थिर आवृत्त्यांमध्ये ती तुटायची. तरी पेजमेकरच्या काळापासून बोटांत मुरलेले शॉर्टकट तिथे नाहीत, आणि पहिल्या पुस्तकाला वेळ लागणार हे प्रकाशकांना मी आधीच सांगून ठेवलं आहे. कादंबरीसारखा सरळ मजकूर तर मी लिबरऑफिस रायटरमध्येच लावते. शैली एकदा नीट ठरवल्या की तो पुरतो.

सध्या हातात एक जुनं पुस्तक आहे, मावळातल्या जात्यावरच्या ओव्यांचं. दुसरी आवृत्ती निघायची आहे. हे पेजमेकरमधून पुन्हा जसंच्या तसं छापायचं नाही, असं प्रकाशकांशी बोलून ठरवलं. विंडोजच्या बाजूला जाऊन मी त्याच्या फाइली एकदाच काढल्या आणि लिनक्सवर आणल्या. भाच्याने पायथॉनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. कुठला तुकडा कुठल्या अक्षराचा हे मी सांगायचं आणि त्याने तक्त्यात भरायचं. रफार मागे नेण्याचा नियम त्याने स्वतः शोधला. आडव्या र चा नियम माझ्याकडून गेला. "वाऱ्यावर", "सोयऱ्यांनी", "सासऱ्याचं": ओव्यांमध्ये हा र पावलोपावली आहे, आणि एकही चुकून चालणार नाही, कारण त्यात त्या बायकांची बोली आहे. यंत्राचं काम झालं की प्रत्येक पान मी जुन्या छापील प्रतीशी ओळ लावून वाचते. मोबाइलवर लिहिलेल्या मजकुरात ॲ दोन वेगवेगळ्या प्रकारे येतो, एकदा स्वतंत्र अक्षर म्हणून आणि एकदा अ वर चंद्र देऊन. दिसायला सारखाच, शोधताना मात्र एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. नव्या प्रस्तावनेत दोन्ही होते. ते एकसारखे करून घेतले.

निम्मं पुस्तक झालं आहे. ज्यांनी ओव्या गोळा केल्या त्यांच्या मुलीने गावांच्या नावांची सूची मागितली होती, पहिल्या आवृत्तीत ती नव्हती. आता पौड शोधलं की पौड आलेल्या सगळ्या ओव्या एका क्षणात समोर येतात. सूचीचं काम रोज रात्री जेवणं झाल्यावर थोडं थोडं चालू आहे. गावांच्या नावांचं जुनं लेखन ठेवायचं की आजचं, एवढं तिला विचारायचं बाकी आहे.